बायकांच्या न्हाणीतले दिवे

नागोया
६ सप्टेंबर १९८४

चि. तोकुजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाचा सोहळा घरात न करता गावातल्याच एखाद्या रयोकानात, जुन्या धर्तीच्या पाहुणघरात करावा, सगळ्यांनी एक रात्र तिथेच राहावं, ही तुझी कल्पना यांनाही आवडली. ऑक्टोबर अखेरीस पानंही लाल झालेली असतील. पण जागा ठरवण्याआधी तुला एक गोष्ट सांगायला हवी. पत्र वाचून झालं की चुलीत टाक.

मार्चमध्ये मी आले नाही ते गुडघ्यामुळे नाही. माझा उजवा स्तन काढला. डॉक्टर म्हणतात सगळं निघालं आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. मी बरी आहे. आईला मात्र हे कळू द्यायचं नाही, निदान या सोहळ्यात तरी नाही. कियो मावशी याच दुखण्याने गेली तेव्हाची आई तुला आठवत असेल. वर्षभर तिच्या हातच्या सूपला मीठ नव्हतं आणि आपण ते तसंच पीत होतो.

आणि आपलं गाव ऊनपाण्याच्या झऱ्यांचं. युनोसावात उतरायचं म्हणजे जेवणाआधी सगळ्या बायका एकत्र न्हाणीत जाणार, आणि आई माझी पाठ चोळणार. लहानपणापासून तिने एकदाही चुकवलेलं नाही. तेव्हा अशी जागा शोध की मला तिच्याबरोबर कुंडात उतरावं लागणार नाही आणि तिला संशयही येणार नाही. एवढं काम तूच करू शकशील.

चि. सौ. मित्सुयोला विचारलं म्हणून सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई,
हिसाए

*

युनोसावा, हिदा
१४ सप्टेंबर १९८४

ती. हिसाएताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दुकानातच उभ्याने वाचलं. त्या दिवशी तातामी चटईचा काठ वाकडा शिवला गेला, तो उसवून पुन्हा शिवला. मित्सुयोला सांगितलेलं नाही. ती आईसमोर बसून कांदे चिरते, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की दुसऱ्या कशाचं, हे आईला बरोबर कळतं. मार्चपासून सगळं एकटीने गिळून बसलीस आणि वर माझ्याकडून गुडघ्याचं मलम मागवून घेतलंस. त्या मलमाचं काय केलंस ते एकदा कळव.

आता जागेबद्दल. हे काम मला सांगितलंस ते योग्यच केलंस. या गावातल्या प्रत्येक रयोकानात चटया घालत मी गुडघ्यांवर फिरलो आहे. मला वडिलोपार्जित दुकान मिळालं नाही की कुणी उस्ताद मिळाला नाही. जुन्या चटया उसवून उसवून मी शिकलो, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर विसंबायची मला सवय नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन पाहिलं.

मात्सुनोया सगळ्यांत मोठं. दिवाणखान्यातल्या चटया माझ्याच, अजून काठ सुटलेला नाही. पण बायकांच्या न्हाणीला नदीकडून अख्खी काचेची भिंत केली आहे. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन थेट आत येतं. म्हणून बाद.

पुलापलीकडे कावाई नवरा-बायकोचा घरगुती उतारा आहे. एकच लाकडी टाकी, पाळीपाळीने जायचं. वाटलं, हेच बरं. पण आई पाळी मानेल असं तुला वाटतं का? तुझा नंबर येईपर्यंत पाणी गार होईल, दोघींनी एकदमच उरकू, असं म्हणून ती दार सरकवून आत येईल. शिवाय तिथल्या चटया खालच्या गावातल्या फुरुकावाने घातल्या आहेत. दोन चटयांच्या फटीत नाणं उभं राहतं. तेही बाद.

राहिलं शिराताकी. तिथलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं आहे. मालकाच्या परवानगीने मी हात बुडवून पाहिला, मनगटावरचं घड्याळही दिसेनासं झालं. गळ्यापर्यंत बसलीस की झालं. मला वाटतं प्रश्न सुटला. होकार कळव, खोल्या धरून ठेवतो. लाल पानांच्या दिवसांत गाव भरलेलं असतं.

भावोजींना नमस्कार. आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस आणि औषधं वेळेवर घे.

तुझा,
तोकुजी

*

नागोया
२२ सप्टेंबर १९८४

चि. तोकुजीस,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ भिजवलंस ते चालू आहे ना? तुझी मेहनत पाहून हसू आलं आणि मग भरूनही आलं. पण बाबा रे, मी काय कुंडातच उगवणार आहे? आधी कपडे उतरवायचे, मग सगळ्यांच्या रांगेत बुटक्या स्टुलावर बसून अंग धुवायचं, आणि पाणी नंतर. हातात असतो तो एक टीचभर टॉवेल. पुरुषांना हे सुचत नाही, कारण तुम्ही तो टॉवेल डोक्यावर ठेवून मोकळे होता.

काल आरशासमोर तो टॉवेल धरून पाहिला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डाव्याने धरला तर साबण कशाने लावू? हे अचानक खोलीत आले आणि तसेच परत गेले. थोड्या वेळाने बाहेरून विचारलं, चहा टाकू का.

सर्दी झाली म्हणून मी खोलीत बसले तर? की ऊनपाणी नसलेलंच एखादं घर गावात आहे? दर पत्रात तुला नवीन अडचण सांगते याची लाज वाटते. काहीच जमत नसेल तर मी येत नाही. गुडघ्याचं निमित्त अजून शिल्लक आहे. आईला वाईट वाटेल, पण त्या वाईटाला औषध आहे. दुसऱ्याला नाही.

रागावू नकोस. ताईवरची माया अशीच सांभाळून ठेव.

तुझी,
हिसाए

ता. क. मलम यांच्या कमरेला लागलं. गुण आला म्हणतात.

*

युनोसावा, हिदा
३ ऑक्टोबर १९८४

ती. हिसाएताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येत नाही हे शब्द पुन्हा लिहायचे नाहीत. आईने तिचा रेशमी किमोनो उन्हात वाळत टाकला आहे. सोहळ्याला घालायचं सोनेरी जाकीट मित्सुयोने शिवून तयार केलं, तर आई म्हणाली, हे घालून मी देवळातल्या घंटेसारखी दिसते. पण रोज घडी उलगडून बघते. शेजारच्या बाईला तिने सांगितलं आहे की माझी मुलगी येणार, आमच्याकडे दीड वर्षात कुणी नीट पाठ चोळलेली नाही, सुनेचा हात फार हलका आहे. मित्सुयो हे ऐकून भांडी जरा जोरात ठेवते.

सर्दीचं विसर. तुला सर्दी झाली तर आई कुंडात न जाता तुझ्या उशाशी आल्याचं पाणी घेऊन बसेल आणि सदरा काढून छातीला मलम चोळेल. आणि युनोसावात येऊन नळाच्या पाण्याने आंघोळ? अशा जागेचं नाव जरी मी काढलं तरी आई मला वेड्यात काढेल.

आता जे झालं ते सांगतो. मला वाटलं, अंधार असला की बाकी काही नको. म्हणून प्रत्येक रयोकानात दुपारी, न्हाणी रिकामी असते तेव्हा, जाऊन दिवे पाहिले. किती आहेत, कुठे टांगलेत, वाफ भरल्यावर स्टुलापर्यंत उजेड किती पोचतो. काम करायचं तर नीट करायचं, म्हणून टेपही नेला होता. मालकिणींनी कारण विचारलं. खरं सांगता येत नव्हतं. चटया घालायच्या आहेत म्हणालो. न्हाणीत चटया कुणी घालत नाही, हे माझ्या जिभेवरून निसटल्यावर लक्षात आलं.

ताई, मालकिणींची महिन्याची बैठक असते. काल रयोकान मंडळाचे कुमाझाकी घरी आले. हवापाण्याचं बोलून झालं, पर्सिमनची फळं वाळत घातली आहेत त्यांचं कौतुक झालं. मग खाली बघत त्यांनी विचारलं की तोकुजीसान हल्ली बायकांच्या न्हाणीत इतकं लक्ष का घालतात, मंडळींना जरा अवघडल्यासारखं होतं. माझे केस पिकले आहेत. या गावात माझ्या नावावर आजवर वाकडा टाका नाही. मान खाली घालून माफी मागितली. मित्सुयो स्वयंपाकघरातून माझ्याकडे कशी बघत होती ते सांगत नाही. रात्री तिला सगळं सांगावं लागलं, मला क्षमा कर. ती रडली आणि मग तिने मला जेवायला वाढलं, एवढं खरं.

आई तिथेच पर्सिमन सोलत बसली होती. सगळं ऐकलं. साल एकदाही तुटू दिलं नाही. कुमाझाकी गेल्यावर फक्त दुसरी सुरी मागितली, हिची धार गेली म्हणाली.

आता मला कुठलंही रयोकान दारात उभं करेल असं वाटत नाही. खोल्या धरलेल्या नाहीत, दिवस जवळ येत आहेत आणि काय करावं ते सुचत नाही. आज सकाळी आईने माझ्याकडे पोस्टाचं तिकीट मागितलं. पत्र कुणाला, हे विचारायचं धाडस झालं नाही.

तुझा लोभ असू दे, सध्या गावात तेवढाच उरला आहे.

तोकुजी

*

युनोसावा
३ ऑक्टोबर

चि. सौ. हिसाएस,
आईचे आशीर्वाद.

माझं अक्षर कापतं. चष्मा लावून हळू वाच.

तोकुजीने गावभर बायकांच्या न्हाणीतले दिवे पाहिले. माझा मुलगा आगाऊ आहे, हट्टी आहे, पण वाह्यात नाही. मग पर्सिमन सोलता सोलता मी विचार केला, हा कुणासाठी अंधार शोधतोय? बायकोसाठी नाही, ती रोज गावच्या न्हाणीत जाते. माझ्यासाठी नाही, या वयात लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. उरलीस तू. आणि मार्चमध्ये तू आली नाहीस. आणि तू धाडलेल्या यंदाच्या उन्हाळी सणाच्या फोटोत तू पाहुण्यांना डाव्या हाताने चहा देतेस. मी तुला असं शिकवलेलं नाही.

म्हणजे कियोचंच आहे ना. लिहू नकोस, येऊन सांग.

तुम्हाला वाटतं कियो गेली म्हणून माझं मीठ सुटलं. ती गेली ते तर होतंच. पण तिने शेवटची दोन वर्षं मला तिच्याबरोबर न्हाणीत येऊ दिलं नाही. कधी डोकं दुखतंय, कधी पाणी फार कढत आहे. मी थोरली बहीण, मला कळत नव्हतं असं नाही. मीही कळत नसल्यासारखं केलं. तिची पाठ चोळायची राहून गेली, आणि ते हातांना अजून आठवतं.

जागा मी ठरवली आहे. पुलापलीकडच्या कावाईंकडे. आज काठी टेकत गेले आणि सांगून आले. सगळं घर आपल्यालाच देणार आहेत. तिथल्या चटया फुरुकावाच्या म्हणून तोकुजी फुगून बसेल, दाराच्या बाहेर झोप म्हणेन. टाकी लहान आहे. दोघी जेमतेम मावतील. दिव्याचं मी काही बोलले नाही, आहे तसा असू दे.

पाठ चोळणारी बाई मागे बसते, हिसाए. समोरचं तिला दिसत नाही. तू हवं तेव्हा वळ. नाही वळलीस तरी चालेल.

आणि मग माझी पाठ तू चोळायची. उजव्या हातात जोर नसला तरी काळजी करू नकोस, माझी कातडी आता पातळ झाली आहे, हलकाच हात लागतो. हे मित्सुयोला सांगू नकोस.

जावयांना आशीर्वाद. येताना नागोयाचा साबण आण, इथला डोळ्यांत जातो.

तुझी,
आई