चार तपकिरी घोड्या

३ जुलै. नारिन गावाच्या वरचं कुरण.
उल्रिकेबाई पोहोचल्या. जर्मनीहून आल्यात, घोडे पाळणाऱ्यांवर पुस्तक लिहिणार आहेत. दुभाषी मी. घरातली पहिली पदवीधर, तीही जर्मन घेऊन. बाबा प्रत्येक तंबूत जाऊन सांगून आले. संकल्प: रोज दहा नवे जर्मन शब्द. किर्गिझ भाषेची चिंता नाही, ती घरचीच.

५ जुलै
बाबा एकेका घोड्याकडे बोट दाखवत दहा मिनिटं बोलले. मी भाषांतर केलं: तपकिरी, तपकिरी, जरा जास्त तपकिरी. बाईंनी विचारलं, एवढंच? म्हटलं, हा सारांश आहे. जर्मनमध्ये रंगांचे शब्द कमी असावेत. तपासणे.

६ जुलै
तपासलं. कमी नाहीत.
सहाव्या वर्षापासून बिश्केक शहरात मावशीकडे राहिले, शाळा रशियन. यात माझी काय चूक? बाबांच्या शब्दांचे अर्थ त्यांनाच विचारून घ्यायचे. उद्या.

७ जुलै
नाही विचारलं. पदवीधर मुलीने बापाला घोड्याचा रंग विचारायचा? बाई मात्र बोट दाखवून बिनधास्त विचारतात, बाबांचा शब्द वहीत लिहून घेतात. बाबा त्यांच्याशी हळू, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतात. ऐकून हसू येतं.

९ जुलै, सकाळ
दुभती घोडी कालपासून परतली नाही. तिचं शिंगरू दोरीला बांधलेलं, सारखं ओरडतंय. बाबांचा गुडघा सुजलाय, म्हणून मी जाणार. डोंगरापलीकडे शेरअलीकाकांच्या कळपात चुकार घोड्या आल्यात म्हणे. बाबांनी खुणा सांगितल्या. रंग, वय, कानावरचा काप. प्रत्येकाला वेगळा शब्द; बाईंनी तिन्ही वहीत टिपले. एकही कळला नाही. "कळलं ना पोरी?" मी मान डोलावली.

संध्याकाळ
काकांनी विचारलं, घोडी कशी आहे? म्हटलं, तपकिरी. "पोरी, तपकिरी तर माझे बूटही आहेत!" त्यांच्या सुना तोंडावर ओढणी धरून हसल्या. चार चुकार घोड्या दाखवल्या. चारही तपकिरी. एकीच्या मानेवरून हात फिरवून मी ठामपणे सांगितलं, यात आमची नाही. घरीही तेच सांगितलं. जाणकारासारखं.

१० जुलै
शिंगरू उभं राहत नाही. दुसऱ्या घोडीला लावलं, तिने लाथ मारली. बाबा तशाच गुडघ्याने खोगीर घालायला उठले. बाईंनी त्यांना बसवलं, वही घेतली आणि स्वतः गेल्या. काकांना ते तीन शब्द वाचून दाखवले. दुपारी घोडी घेऊन परत.
बाबांसाठी काकांचा निरोपही वहीत उतरवून आणला, वाचून दाखवला: तुझी लेक हिच्याच मानेवरून हात फिरवून "आमची नाही" म्हणून गेली.
शिंगरू प्यायलं. बाबा त्याची पाठ चोळत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ जुलै
संकल्प: जर्मन बंद, आधी किर्गिझ. सकाळी बाबांना सगळं कबूल करणार होते, वाक्यही जुळवून ठेवलं होतं.
त्याआधी त्यांनीच चहा मागितला. हळू. मोठ्याने. एकेक शब्द तोडून. वर रिकामा वाडगा हलवून दाखवला, मला कळावं म्हणून.