गळलेल्या केसांतलं सोनं

लखनौ

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. डोक्यावर आता केस नाहीत, पण रडू नको.

केमोची सुई घेतली की दोन दिवस खोलीवर पडतो, मग सोनं गाळायच्या दुकानात जातो. डॉक्टरांनी तेजाबाच्या धुरात बसू नको म्हटलंय, म्हणून बाळकृष्णमामांनी मला भट्टीवरून उठवून वजनकाट्यावर बसवलंय. मी दमलो की तेच चहा मागवतात.

केस गळायला लागले तसे मी केरात टाकत होतो. मामा ओरडले, "रणज्या, सोनं गाळणाऱ्याचे केस टाकतात होय? एवढी वर्षं सोन्याची धूळ बसलीय त्यांच्यावर!" मग दुकानातल्या धुळीबरोबर केसही जाळले, गाळले. मोहरीएवढं सोनं निघालं. त्यात केसांचं किती आणि धुळीचं किती, देव जाणे. शेजारचा भैया म्हणाला, "यार, तेरा सिर तो खदान निकला!" सगळे हसलो.

तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का?

गावी ये म्हणतेस, पण आत्ता नको. भट्टीपुढचा माझा पाट मामांनी अजून कुणाला दिलेला नाही. रोज समोर दिसतो, म्हणून जेवण कडू लागलं तरी गिळतो.

तुझा,
रणजित