लवंगांची डबी

४ नोव्हेंबर
राजेश्रीला परभणीला दाखवून आलो. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही. आज त्याला नाव मिळालं, पीसीओएस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली अंडी आहेत. मला लगेच समजलं. माझ्या बातम्या संपादकांच्या टेबलावर अशाच थांबतात. इलाज: वजन उतरवणं, रोज चालणं, साखर बंद, आणि अंडं वाढायच्या गोळ्या तीन महिने. वय चौतीस आहे, वेळ दवडू नका, असं बजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, गोळ्या सुरू करण्याआधी तुमची वीर्यतपासणी. एक प्लास्टिकची डबी दिली. मी म्हणालो, मागच्या वर्षीच केली, नॉर्मल आहे. बरं, कागद पुढच्या वेळी आणा, म्हणाल्या.
केलेली नाही. पण केली तर नॉर्मलच येणार. तेव्हा हे असत्य नव्हे, पूर्वकथन आहे.

५ नोव्हेंबर
वेळापत्रक तयार. स्टँडवर परमेश्वरच्या झेरॉक्समध्ये लॅमिनेट करून घेतलं. दोन रकाने: पत्नी आणि पती. पत्नीच्या रकान्यात अकरा कलमं. पतीचा विचारपूर्वक भरायचा म्हणून तूर्त कोरा. साखरेचा डबा माझ्या कपाटात, कुलूप लावून.

६ नोव्हेंबर, पहाटे ५.४०
दोघं चालायला निघालो. स्टँडपर्यंत माझा वेग चांगला होता. तिथे चहा तयार होता. राजेश्री पुढे गेली, उसाच्या गाड्यांच्या कडेकडेने, थेट फाट्यापर्यंत. मार्गदर्शकाने सोबत चाललंच पाहिजे असं नाही.

२ डिसेंबर
गोळी लागू पडली. अंडं पूर्ण वाढलंय. बाई म्हणाल्या, आजची आणि उद्याची रात्र महत्त्वाची. घरी येऊन मोजलं. आज तेरावी. ऋतुकालातली तेरावी रात्र शास्त्रात निषिद्ध. राजेश्रीला नीट समजावलं. ती म्हणाली, अंड्याला पंचांग कळतंय का? अभ्यास नसला की असे प्रश्न पडतात.

३ डिसेंबर
येलदरी धरणावर बातमी. मुक्काम पडला. वार्ताहराचं जीवन.

२० डिसेंबर
पाळी आली. बरोबर तिसाव्या दिवशी. नऊ वर्षांत प्रथमच इतकी वक्तशीर. वेळापत्रकावर 'उत्तम' असा शेरा मारला. राजेश्री मोरीतून बराच वेळ बाहेर आली नाही. डोळे सुजलेले. धूर असावा. गॅस आहे आपल्याकडे, हे नंतर आठवलं.

२ जानेवारी, सकाळी १०
संकल्प: आज लॅब. डबी खिशात घेऊन गेलो. काउंटरवर धम्मानंद. म्हणाला, सर, तुमचा अग्रलेख वाचला, लय भारी. अग्रलेख माझा नव्हता. तरी वाचकासमोर लेखकाने डबी पुढे करणं बरं दिसत नाही. त्याच्या तब्येतीची चौकशी करून परतलो. डबीचं झाकण घट्ट बसतं. लवंगा ठेवल्या. खोकल्याला बऱ्या.

१२ जानेवारी
माझा लेख छापून आला: 'पीसीओएस: समज आणि उपाय'. त्यातलं एक वाक्य मलाच फार आवडलं. 'सर्वप्रथम पतीने आपली तपासणी करून घ्यावी. ती सोपी आहे आणि तिला नकार देणारा पुरुष पत्नीच्या वयाची चोरी करतो.' संपादकांनी एक शब्दही कापला नाही. बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला. अंगठा आला.

१९ जानेवारी
पुन्हा पाळी, पुन्हा तिसावा दिवस. वजन पाच किलो उतरलं. माझी पद्धत यशस्वी. आई राजेश्रीला ऐकवत होती की माह्या लेकात काय कमी न्हाई, तालेवार घराणं हाय आमचं, तुह्यातच खोट. मी मध्ये पडणार होतो. तेवढ्यात फोन आला. फोन आला नसता तरी मी कुणाला तरी केला असता, असं आता वाटतं. हे वाक्य खोडायचं आहे.

१८ फेब्रुवारी
पाळी. तिसावा दिवस. गोळ्यांचे तीन महिने संपले. शेरा मारायला पेन सापडलं नाही.

२० फेब्रुवारी
परभणी. दवाखान्याच्या भिंतीवर माझा लेख, फ्रेममध्ये. छातीत अभिमान दाटला. नंबर यायला तासभर लागला. तेवढ्यात राजेश्रीने तो उभ्याने दोनदा वाचला. आत बाईंनी पुन्हा कागद मागितला. मी म्हणालो, फाईल घरी, सोनपेठला राहिली. राजेश्री शांतपणे म्हणाली, मॅडम, कागद न्हाई. डबी हाय. तिच्यात हे लवंगा ठेवतेत. तुमी दिल्यापासून टेबलावरच हाय, मी रोज पुसते.
बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, हे आधी कळतं तर मी हिला गोळ्याच दिल्या नसत्या. हिने तिचं सगळं केलं. तुम्ही भिंतीवर आहात.
एसटीत राजेश्री खिडकीशी बसली. शेजारची सीट रिकामी होती. तिथे तिने पिशवी ठेवली होती.
संकल्प: उद्या लॅब. नक्की.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८
राजेश्री सहाच्या गाडीने झरीला गेली, माहेरी. आईला सांगून गेली, कधी येईन ते ह्यांना विचारा. आई मला विचारायलीय.
टेबलावर वेळापत्रक. त्यावर लवंगांचा ढीग. शेजारी डबी, धुऊन, उपडी. पतीच्या कोऱ्या रकान्यात तिच्या अक्षरात पहिलं कलम: 'दहा वाजता, लॅब'.
दहाला पंचायत समितीची सभा आहे. नाइलाज.

सकाळी १०.२०
सभा रद्द.

दुपारी १
लॅबपर्यंत गेलो होतो. धम्मानंद रजेवर, काउंटरवर अनोळखी माणूस. म्हणाला, काय काम हाय?
सांगितलं, बातमीसाठी आलोय.
घरी येऊन कपाट उघडलं, चहा केला. साखर नऊ-दहा चमचे तरी पडली असेल. गोड लागला नाही.