तीन दिवस मुरलेलं सरबत

दि. १२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बरणीचं झाकण उघडलं तेव्हा मला कळलं होतं की नव्हतं? आठ दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे या वेळी माझ्या पथ्यावर पडलं. तोंडाने हे सांगणं मला जमलं नसतं.

आधी खुशाली. आई-बाबा ठीक. बाबांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी आता कायम झाले. अहवालाखाली माझी सही चालते. आईने एका अहवालाची प्रत मागून घेतली आणि चार घरांत फिरवली. आपल्या घरातली पहिली पदवीधर असल्यापायी आणखी काय काय सोसायचं, कोण जाणे.

आता मुख्य. मागच्या रविवारी गल्लीचा उन्हाळी मेळावा झाला. तुझ्या वेळेसारखाच: रस्ता अडवून टेबलं मांडायची आणि ज्याने त्याने घरून काहीतरी आणायचं. काकांनी दारू सोडली त्या उन्हाळ्यात तू आपल्या टेबलावर पहिल्यांदा फळांचं सरबत ठेवलंस, आणि काकांच्या हातातला ग्लास इतरांसारखाच दिसू लागला. तुझा नियम मला पाठ आहे. फळ सकाळी कापायचं, पुदिना चुरगळायचा, वाटायचा नाही, आणि संध्याकाळी भांडं रिकामं झालं पाहिजे. का, ते तू कधी सांगितलं नाहीस. मला वाटलं, तुझी नेहमीची घाई.

मी शहाणपणा केला. शनिवारीही कामावर जायचं होतं म्हणून गुरुवारीच अननस आणि द्राक्षं कापली, साखर घातली, पुदिन्याच्या काड्या खोचल्या आणि दोन बरण्या घट्ट लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. मुरलं की स्वाद चांगला उतरेल, असा माझा होरा. रविवारी झाकण फिरवलं तर फस्स झालं. बारीक बुडबुडे वर येत होते. आत्या, मी रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली. साखर, फळाची साल, बंद बरणी आणि तीन दिवसांचा उकाडा, यातून काय तयार होतं यावर मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलंय. त्या क्षणी मात्र मला एवढंच दिसलं, की यंदाचं सरबत काय झकास दिसतंय. वास जरा निराळा आला. मी वरून लिंबू पिळलं आणि भरपूर बर्फ टाकला.

मेळाव्यात सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने डोळा मारून विचारलं, की काय गं, आज यात चढणारं काही घातलंयस की काय. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, की आमच्या टेबलावर तसला थेंबही मिळायचा नाही, हवं तर प्रयोगशाळेचा शिक्का मारून देते. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचा दुसरा ग्लास अर्धा झाला होता. तो त्यांनी खाली ठेवला, डोकं दुखतंय म्हणाले आणि घरी गेले. तेव्हापासून ते आमच्याकडे जेवायला आलेले नाहीत. आईने डबा पाठवला तर सुतारकामाच्या फळीवर तसाच राहिला.

उरलेलं बाटलीभर मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत तपासलं. दारू निघाली, शेकडा दोन. गल्लीतली पोरंही प्यायली होती. त्यांना काही झालं नाही हे माझं नशीब. पण काकांची सहा वर्षं? मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. काय करू ते तू सांग.

तुझ्या मायेला पात्र राहायची धडपड करणारी,
बिट्टी


दि. १८ मे

चि. बिट्टी हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडले, दुसऱ्यांदा स्वतःवर. नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. पहिल्या वर्षी उरलेलं सरबत दुसऱ्या दिवशी हुंगलं, आंबल्याचा वास आला आणि मोरीत ओतून दिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला नाक पुरलं. तुमच्या पदवीच्या अभ्यासात नाक नव्हतं वाटतं? बरं, एवढंच बोलते. रडत बसू नकोस.

आता पुढचं सावकाश वाच. तुझ्या पत्राच्या आदल्याच दिवशी धाकट्याचं, तुझ्या काकाचं, पत्र आलं. एरवी तो चार ओळी खरडतो. या वेळी दोन पानं. लिहितो, की ताई, माझं काही खरं नाही. मेळाव्यात आपल्या पोरीच्या हातचं साधं सरबत प्यालो आणि मला त्यात दारू लागली. पोरगी चारचौघांत सांगते थेंब नाही. ती काय खोटं बोलेल, लोक तिच्या सहीवर पाणी पितात. म्हणजे माझी जीभच पुन्हा तिकडे वळली. सुटली सुटली म्हणत होतो, ती आत दबा धरून बसली होती. आता चार माणसांत जायचंच नाही, असं ठरवलंय.

वाचलंस? तरीही माझं ऐक, सांगू नकोस. तो त्या सहा वर्षांना धरून उभा आहे. तू सांगितलंस की तीही गेली. मग गेलीच आहेत तर आणखी एक घोट का नको, असं त्याचं मन म्हणेल. ते मन मी पाहिलंय. तू तेव्हा दप्तर पाठीला लावून फिरत होतीस. मनातली शंका महिनाभरात विरेल. उन्हाने तोंडाची चव बिघडते, असं मी त्याला आजच लिहिते आहे. तू गप्प राहा.

माझं बरं चाललंय. कानातलं यंत्र दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे शेजारणीचा रियाज सुखाने होतो.

रागावले तरी तुझीच,
आत्या


दि. २६ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

दोन दिवस मी तुझ्याच बाजूने विचार केला. फार सोयीचं होतं ते. गप्प बसायला वडीलधाऱ्या माणसाची परवानगी मिळाली होती. पण ती काय खोटं बोलेल, ही ओळ डोक्यातून जाईना. माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून काका स्वतःच्या जिभेला खोटं पाडत होते. आणि पुढची सगळी वर्षं त्यांना त्या जिभेच्याच भरवशावर काढायची आहेत.

गुरुवारी रजा टाकून काकांच्या वर्कशॉपवर गेले. काका खुर्चीच्या पायावर पॉलिशपेपर घासत होते. स्टुलावरचा भुसा झटकून बस म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलत राहिले असते. गुरुवारी कापलेली फळं, बुडबुडे, वास, वरून पिळलेलं लिंबू आणि शेकडा दोन, सगळं एका दमात सांगितलं. बुडबुडे दिसले तेव्हाच मी थांबायला हवं होतं, हेही सांगितलं. घासण्याचा आवाज थांबला नाही, संथ झाला.

मग म्हणाले, की म्हणजे मला लागली ती खरीच होती. मी हो म्हटलं. ते म्हणाले, की पहिल्या घोटालाच लागली होती. आणि दुसरा ग्लास मी तुझ्या सांगण्यावरून घेतला नाही, तू तर नंतर बोललीस. तो का घेतला, ते माझं मला बघावं लागेल.

थोड्या वेळाने त्यांनी खणातून तुझं पत्र काढलं आणि विचारलं, की ताई कधीपासून वैद्य झाली. मी जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. म्हणाले, दोघी मिळून मला लहान पोर समजता काय. आवाज चढला नव्हता, पण मला तो चढलेल्या आवाजाहून जास्त लागला. शेवटी म्हणाले, की तू आता जा. मला राग आलाय, आणि तुझ्याशी भलतंसलतं बोलायची माझी इच्छा नाही.

मी गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आणखी एका घोटाचं तू म्हणालीस ते खरं ठरेल का, मला माहीत नाही. बाबा रोज संध्याकाळी काही ना काही काम काढून त्यांच्याकडे जाऊन बसतात. काल आल्यावर एवढंच म्हणाले, की धाकटा ठीक आहे, फक्त फार विचार करतोय. तू त्यांना लिही, पण या वेळी खरं लिही. तुझ्यावरही ते चिडलेत.

आणखी एक गोष्ट तुला न विचारता केली. मी थेंब नाही म्हणाले ते सगळ्या गल्लीसमोर, मग मागे घ्यायचं तेही गल्लीसमोरच. काल रविवारी एकूण एक घरी जाऊन आले. आईने हात धरला होता, म्हणाली, नोकरी नुकतीच कायम झालीय, कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासतेस. शिंपी म्हणाला, की मग एक बरणी माझ्यासाठी वेगळी का नाही ठेवलीस. ज्यांच्या दोन्ही पोरांनी सरबत प्यायलं त्या नर्सबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मी पायरी उतरायच्या आत दार लावलं. काकांचं नाव मी कुठेही घेतलं नाही. सरबत मी बिघडवलं, मला संशय यायला हवा होता आणि तरीही मी ते तुम्हाला पाजलं, एवढंच अकरा घरी सांगितलं.

माझ्यावरची माया थोडी आटली तर मी समजून घेईन. काकांवरची मात्र वाढव, हेच मागणं.

तुझी,
बिट्टी