टॅपेट गप्प झाल्यापासून

प्रिय उत्तरेश्वर,

लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. खडकीहून येरवडा ते केवढं, त्याला कशाला पत्र, असं म्हणत राहिलो. पण फोन केला की तू ‘जरा कामात आहे’ म्हणतोस. आपल्याला रिटायर होऊन जमाना झाला, कसलं काम ते तरी कळव. येरवड्यात तू घरात राहतोस, तुरुंगात नाही. मग यायचा का थांबलास? या काळजीने मला जेवण जात नाही. म्हणजे जातं, पण चव लागत नाही.

कारण मला ठाऊक आहे. माझी फियाट. आमची नात राजनंदिनी चाकणला इंजिनाच्या कारखान्यात लागल्यापासून तिचे हात शिवशिवत होतेच. तिने इंजिन उघडलं आणि व्हॉल्व्ह हलवणारं सगळं सामान बदलून टाकलं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाला बारीक रोलर आले. जिथे लोखंडावर लोखंड घासायचं तिथे आता रोलर फिरतो. स्प्रिंगा हलक्या आल्या. टॅपेट तर असे आणले की तू दर वेळी हाताने लावायचास ती व्हॉल्व्हजवळची फट तेलाच्या दाबाने आपली आपण राखतात. मी आठवी नापास माणूस. मला एवढंच कळलं की घासणं कमी झालं, पेट्रोल कमी लागतं आणि टॅपेट सेट करायला आता कुणी लागत नाही. यातलं शेवटचं मला उशिरा कळलं. तुला लगेच कळलं.

त्या रविवारी तू नेहमीसारखा सकाळी सकाळी आलास. टॅपेटची फट थंड इंजिनावरच लावायची, म्हणून तू येईपर्यंत मला किल्लीला हात लावायची बंदी असायची. तू लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलंस, मूठ कानाला लावलीस आणि बराच वेळ ऐकत राहिलास. ‘चांगलं झालंय’ म्हणालास. राजनंदिनी आनंदाने म्हणाली, ‘बघा, आता उत्तरेश्वर आजोबांना दर वेळी यायचा त्रास नाही!’ तू हात पुसलेस. हाताला काही लागलेलंच नव्हतं. तुझ्या वहिनीने पोहे टाकले होते, तेही न खाता गेलास.

गाडी खरंच सुरेख चालते रे, खोटं कशाला बोलू? फक्त इतकी गप्प असते की बंद पडली असं वाटून मी पुन्हा किल्ली फिरवतो आणि स्टार्टर किंचाळतो. परवा सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्याने विचारलं, ‘काका, चालू गाडी किती वेळा चालू करणार?’ पुणेरीच तो.

मग मला एक युक्ती सुचली. बोनेटच्या आत स्वयंपाकघरातला डाव तारेने बांधला. सुरू केल्यावर अशी छान टिकटिक आली, अगदी पूर्वीसारखी. मी राजनंदिनीला म्हटलं, ‘टॅपेट बिघडले वाटतं, उत्तरेश्वरला बोलावू का?’ तिने बोनेट उघडलं, डाव सोडला आणि आजीच्या हातात दिला. वहिनी म्हणाली, ‘अहो, दोन दिवस आमटी वाटीने वाढतेय मी! एवढी उठाठेव करण्यापेक्षा भाऊजींना सरळ या म्हणा की.’ सांगायला सोपं आहे. इतकी वर्षं तू कामासाठी आलास, मी कामासाठी बोलावलं. बिनकामाचं ये म्हणायची आपल्याला सवयच नाही.

आता खरं लिहितो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन चुटकीसरशी होतं. मग आधी एवढ्या सह्या कशाला घेतात? वहिनी येते म्हणतेय, पण मी घाबरलो की ती शेजारच्या तुळजाबाईला सांगणार, आणि तुळजाबाई खडकी स्टेशनपर्यंत. तू बाहेर बाकावर बसणार असशील तर मी आत जाईन, नाहीतर जाणार नाही. गाडीचं काहीही काम नाही, तिला काही झालेलं नाही. माझ्यासाठी ये. डॉक्टर तारीख मागतायत आणि मी ‘कळवतो’ म्हणून ठेवलंय, तेव्हा काय ते लवकर कळव. फोनवर कामात असशील तर दोन ओळी टाक.

तुझाच,
संपत