तिसऱ्या रांगेतलं सरपण

बाबा,

तिसऱ्या रांगेखाली आज सकाळी चमचाभर भुसा पडलेला दिसला, पिठासारखा बारीक. लाकडाला भुंगा लागला आहे.

तुम्ही कोरलेल्या लाकडी पळ्या बाजारात खपल्या असतील अशी आशा आहे. भात कुकरमध्ये आहे. मिसो सूप नुसतं गरम करा, उकळू नका.

मोचिझुकी आजींचा फोन आला होता. त्यांचं सरपण संपलंय आणि बर्फ अजून महिनाभर हटणार नाही. आपल्याकडे आता तिसरी रांगच उरली आहे. योशिकीदादा गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने ती फोडून रचली होती, त्याला चार वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की तुम्ही हसून म्हणता, "ते अजून ओलं आहे, विचारा आमच्या मिसाओच्या यंत्राला." मीही हो म्हणते. वीस टक्क्यांखाली ओल आली की लाकूड जळायला तयार असतं; यंत्र दोन वर्षं चौदा दाखवतंय.

त्याचा घाव नेहमी किंचित डावीकडे जायचा. ओल मोजायच्या निमित्ताने मी त्या फाळक्यांवरून बोटं फिरवून येते. तुम्हीही तिथे जाऊन उभे राहता, मला ठाऊक आहे.

आजी म्हणाल्या, "ओलं असलं तरी दे गं पोरी. धूर सोसेन, थंडी नाही सोसवत."

तुम्हाला विचारायला थांबले नाही, माफ करा. मी त्यांना म्हटलं, "आजी, ते लाकूड कधीचंच वाळलंय. गाडी भरून आणते."