सहाशेची लेन्स आणि गरुडाचे लपण यांची व्यवस्था

मी, हिल्का मारिया मोइलानेन, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार कुहमो, तळ्याकाठचे पिवळे घर, आधी टपाल वाटणारी आणि नंतर फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना जंगलातल्या लपणात नेऊन बसवणारी, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. औषधे चालू आहेत, पण ती डोक्यावर परिणाम करणारी नाहीत. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. मी मार्चपर्यंत जगेन असे त्यांनी सांगितले. मी बरे म्हटले, बाहेर येऊन बटाटे घेतले आणि घरी आले. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते माझा नवरा टाउनो हयात असताना केलेले आहे आणि त्यात सगळे त्याला दिलेले आहे.

कलम पहिले. घर, तळ्याकाठची जमीन, वाफेच्या अंघोळीची सौना, होडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी हेइनी हिला मिळावे. कायद्याने निम्मे तिचे आहेच, उरलेलेही तिचेच. हेइनी ताम्पेरे शहरात ट्राम चालवते. ती हे घर विकणार असेल तर खुशाल विकावे, मला काही वाटणार नाही. हे रागाने लिहीत नाही. खरोखरच काही वाटत नाही, बऱ्याच गोष्टींचे वाटत नाही. सौनाचे छप्पर गळते. ते दुरुस्त करायला शेजारच्या एस्कोला बोलावू नये, कारण ते त्यानेच दुरुस्त केलेले आहे.

कलम दुसरे. हाच एस्को. त्याने २०१४ साली आमच्याकडून लेन्सच्या मागे लावायचे जोडभिंग नेले. त्याने चारशे मिलिमीटरची लेन्स पाचशे साठची होते, म्हणजे लांबचे आणखी जवळ दिसते. दर वर्षी मी विचारते आणि दर वर्षी तो म्हणतो, "अगं हिल्का, मी ते तुला ईस्टरलाच दिलं की! तू कॉफी पण पाजलीस." कॉफी पाजली हे खरे आहे. तर ते जोडभिंग मी एस्कोला देत आहे. आता ते त्याचे झाले, म्हणजे यापुढे त्याला खोटे बोलायची गरज नाही. काचेवर धूळ धरली असेल तर मऊ ब्रशने पुसावे, फुंकर मारू नये.

कलम तिसरे. शंभर-चारशेची झूम लेन्स हेइनीला. प्रवासाला एवढी एकच लेन्स न्यावी. दीड किलोच्या आत आहे, हातात धरून दिवसभर फिरता येते, रेनडिअर अचानक जवळ आले तर मागे पळावे लागत नाही. दुकानदार तिला आणखी लांबची दाखवील. घेऊ नये. लोकांना वाटते की जितकी लांबची लेन्स तितके जास्त दिसते. मी वीस वर्षे पाहुण्यांना हेच सांगून लेन्स भाड्याने दिल्या. ते पूर्ण खरे नाही. लांबच्या लेन्समधून एकच गोष्ट दिसते, आणि ती इतकी चांगली दिसते की डोळा काढवत नाही.

ही शंभर-चारशेची टाउनोला हवी होती. २०१९ च्या शरदात आम्ही आमचे जुने आरशाचे कॅमेरे देऊन टाकले आणि मिररलेस घेतले. तो माझाच हट्ट होता, कारण मिररलेसमध्ये आवाज पूर्ण बंद करता येतो आणि जनावर बिचकत नाही. त्यावर लेन्स कोणती घ्यायची, यावर याच टेबलाशी तीन दिवस चालले होते.

"मी आपली शंभर-चारशे घेतो," टाउनो म्हणाला. "एकाहत्तर वर्षांचा झालो. काय ते ओझं वाहायचं?"

"चारशेनं गरुड कावळ्याएवढा दिसेल."

"मग कावळा म्हणून विकू."

"टाउनो, लोक आपल्याकडे सहाशे बघून येतात."

"बरं बाई, घे तुझी सहाशे. पण जंगलात नेणार कोण ती?"

"तूच," मी म्हटले. तो हसला. शेवटी दोन्ही घेतल्या, त्याला शंभर-चारशे आणि मला सहाशे, आणि लपणात सहाशे न्यायचीच असे ठरले. ठरले म्हणजे मी ठरवले.

कलम चौथे. सहाशेची लेन्स आणि गरुडाचे लपण ही दोन्ही कुहमोच्या निसर्ग मंडळाला द्यावीत. यासाठी अटी आहेत, आणि अटी का आहेत ते इथेच लिहिते. कायदा-मदत कचेरीतल्या वकीलबाई म्हणाल्या, "हे मृत्युपत्रात लागत नाही, मोइलानेनबाई." मी म्हटले, "मला लागतं."

लपण म्हणजे फळ्यांची खोली, दोन माणसे खुर्च्यांवर बसतील एवढी. पुढे कापडी बाह्या, त्यातून लेन्स बाहेर. हिवाळ्यात सोनेरी गरुडासाठी समोर मेलेले डुक्कर टाकायचे. गरुडाने माणसाला आत जाताना किंवा बाहेर येताना पाहिले तर तो ती जागा सोडतो, आठवडे फिरकत नाही. म्हणून उजाडायच्या आत शिरायचे आणि अंधार पडल्यावरच, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात दुपारी साडेतीनला, निघायचे. मधे दार उघडायचे नाही, बोलायचे नाही, लघवीला बादली. हा नियम टाउनोने पाटीवर कोरून दारावर लावला होता. पाहुण्यांना तो सांगायचा, "आत कोणी मेलं तरी साडेतीनलाच बाहेर काढू." पाहुणे हसायचे.

१४ जानेवारी २०२० रोजी पाहुणे नव्हते, आम्ही दोघेच होतो. उणे तेवीस तापमान होते. घसरगाडीवर डुक्कर होते, म्हणून सहाशेची लेन्स आणि ट्रायपॉड टाउनोच्या पाठीवर. मऊ बर्फातून दोन किलोमीटर. तो दोनदा थांबला. मी घसरगाडी ओढत पुढे होते.

साडेदहाला तो हळूच म्हणाला, "हिल्का, छातीत आवळल्यासारखं होतंय."

"कॉफी घे."

"घेतली. बाहेर जाऊ या का?"

त्याच वेळी गरुड येऊन वाळक्या पाइनवर बसला होता. अकरा दिवसांत पहिल्यांदा आला होता. मी म्हटले, "तो समोर बसलाय. आता दार उघडलं तर महिनाभर यायचा नाही. अंधार पडेपर्यंत कळ काढ."

"बरं," तो म्हणाला.

बरं म्हणाला, कारण नियम त्याचाच होता. आणखी एकदा म्हणाला असता तर मी उठले असते असे मी पुष्कळदा स्वतःला सांगितले आहे. ते मला ठाऊक नाही.

जुन्या कॅमेऱ्यांच्या वेळी शेजारी खट्खट् चालू असायची. ती थांबली की मी वळून बघायची. बहुतेक वेळा त्याने डबा उघडलेला असायचा. नव्या कॅमेऱ्यांना आवाजच नव्हता, त्यामुळे तो फोटो काढतो आहे की नाही हे मला कळत नव्हते. पावणेबाराच्या सुमारास गरुड खाली उतरला. मी एकदा विचारले, "बघतोयस ना?" उत्तर आले नाही. लपणात उत्तर द्यायचे नसतेच. मी दोन वाजेपर्यंत सहाशे अकरा फोटो काढले. सव्वातीनला अंधार झाला तेव्हा मी म्हटले, "चल, आवर." मग वळले. तो टेकून बसलेला होता. त्याच्या मांडीवरची भाकरी गोठली होती.

अटी अशा. एक, सहाशेची लेन्स एकट्या माणसाने पाठीवर नेऊ नये. दोन, लपणात दोघे असतील तर कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवावा. गरुड उडाला तर उडू द्यावा. तीन, दारावरची पाटी काढून टाकावी आणि तिथे 'बाहेर जायचे असेल तर जावे' असे लिहावे. मंडळाला हे मान्य नसेल तर लेन्स विकावी आणि लपण सौनाच्या जळणाला वापरावे. फळ्या कोरड्या आहेत.

कलम पाचवे. गरुड बर्फात पंख पसरून उभा आहे तो माझा फोटो, ज्याला बक्षीस मिळाले आणि जो आरोग्य केंद्राच्या प्रतीक्षागृहात टांगलेला आहे, तो खाली उतरवावा. तो बारा वाजून वीस मिनिटांनी काढलेला आहे. गेल्या महिन्यात मी माझ्या तपासणीसाठी त्याच्याच खाली बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "किती शांत वाटतं ना याच्याकडे बघून?" मी हो म्हटले. त्या जागी दुसरे काही लावायची गरज नाही.

कलम सहावे. टाउनोच्या कॅमेऱ्यातले कार्ड. ते कपाटात, त्याच्या चष्म्याच्या डबीत आहे. ते हेइनीला द्यावे, पण आधी सांगून द्यावे. अकरा सत्तेचाळीसपर्यंत त्यावर गरुड आहे. मग लेन्सचे तोंड वर गेले आहे, आणि पुढे एका स्प्रूसच्या झाडाचा शेंडा आहे. तोच शेंडा, दोन हजारांहून जास्त वेळा, कार्ड भरेपर्यंत. त्याचे बोट बटणावर राहिले होते. जुना कॅमेरा असता तर लपणभर खडखडला असता. मी चिडून 'काय करतोयस' म्हटले असते, पण वळून पाहिले असते. तेव्हा त्याच्यात किती जीव होता हे डॉक्टरांना सांगता आले नाही. साडेदहाला निघालो असतो तर काय झाले असते, हे मी त्यांना विचारलेच नाही, कारण साडेदहाचे मी कोणालाच सांगितले नाही.

हेइनीलाही नाही. ती त्याच रात्री गाडीने आली. मी तिला सांगितले, "झोपल्यासारखा गेला. काही बोललाही नाही." तिने माझे हात धरले आणि म्हणाली, "आई, तू शेजारी होतीस ना, मला तेवढंच पुरे आहे." तेव्हापासून दर जानेवारीला ती येते, सॅमन माशाचे सार करते आणि हेच म्हणते. मी वाढून घेते. मला तेव्हा रडू आले नाही, आणि पुढेही कधी आले नाही. ती रडते तेव्हा मी तिच्याकडे काचेतून बघते आहे असे वाटते. ती माझी मुलगी आहे आणि मी तिच्यावर प्रेम करते. हे मला ठाऊक आहे, जाणवत मात्र नाही, आणि तिच्याशी खोटे बोलल्यापासूनच ते जाणवायचे थांबले असे मला वाटते.

कलम सातवे. काल मी इथे असे लिहिले होते की, हे सगळे माझ्या दफनानंतर हेइनीला वाचून दाखवावे. ते मी खोडले आहे. खोडलेल्या ओळीवर माझी आद्याक्षरे आहेत. मी मेल्यावर तिला राग आला तर ती तो कोणावर काढणार? तो माझ्यावर निघाला पाहिजे, आणि त्यासाठी मी जिवंत हवी. माझ्या तोंडून हे ऐकल्यावर तिने माझ्याशी बोलायचे सोडले तरी वरच्या कलमांत काहीही बदलू नये. घर, झूम लेन्स आणि कार्ड तिचेच.

हे मी समजून उमजून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे.

हिल्का मारिया मोइलानेन (सही)
कुहमो, २० नोव्हेंबर २०२५

आम्ही खाली सही करणारे दोघे एकाच वेळी हजर होतो. मोइलानेनबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आमच्या मते त्या पूर्ण भानावर होत्या आणि त्यांच्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. सही झाल्यावर त्यांनी टेबलावरचा फोन उचलून मुलीला लावला, आणि पलीकडून आवाज आला तेव्हा म्हणाल्या, "हेइनी, गाडीत असलीस तर ती कुठेतरी उभी कर. बाबा त्या दिवशी बोलला होता." त्यानंतर आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो.

मेर्वी लेस्किनेन, ग्रंथपाल (सही)
यालमारी पिक्कारायनेन, निवृत्त बसचालक (सही)